डिस्चार्ज बुक ट्रंकेत ठेवून भागत नाही

वाचकांचे प्रश्न, माजी सैनिकाची उत्तरं

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून बरेच प्रश्न आलेत, त्यातले निवडक घेतोय. ज्यांनी पासबुकाचे फोटो पाठवलेत त्यांनी कृपा करून खाते नंबर झाकून पाठवत जा, जग चांगलं नाही राहिलेलं. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी तोफखान्यातला, सुभेदार होऊन बाहेर पडलो आणि आता नाशिकरोडला आमच्या माजी सैनिक संघटनेत कागदपत्रांचं टेबल सांभाळतो. वकील नाही, बाबू तर त्याहून नाही, जे सांगतो ते टेबलावर बसून शिकलेलं.

साहेब, आमच्या भागात माजी सैनिक संघटनेचा बोर्ड आहे. 26 जानेवारीला झेंडा, 26 जुलैला कारगिल दिवस, एवढंच दिसतं. बाकी वर्षभर करता काय? आणि सरकारचं सैनिक कार्यालय असताना वेगळी संघटना कशाला?
— एक वाचक, गंगापूर रोड

प्रश्न टोचणारा आहे पण रास्त आहे. झेंड्याचा फोटो पेपरात येतो, रेशनकार्डासारख्या कागदासाठी तहसीलला मारलेल्या चकरांचा येत नाही, म्हणून तुम्हाला झेंडाच दिसतो.

आधी दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे राज्य सरकारचं, त्याचं मुख्यालय पुण्याला, आणि त्याचं मूळ पार 1919 मध्ये आहे. पहिलं महायुद्ध संपलं, लाखो हिंदी शिपाई मेसोपोटेमिया, फ्रान्स, आफ्रिका करून घरी आले, त्यांचं काय करायचं म्हणून इंग्रजांनी इंडियन सोल्जर्स बोर्ड काढलं, त्याचंच पुढे केंद्रीय सैनिक बोर्ड झालं, खाली राज्याचं, खाली जिल्ह्याचं. आता ते कार्यालय सरकारी असल्यामुळे योजना देऊ शकतं, दाखला देऊ शकतं, पण सरकारशीच भांडायचं असेल तर? ते काम संघटनेचं. आमचं आणि त्या कार्यालयाचं नातं असं की सकाळी त्यांच्याच खुर्चीत बसून चहा प्यायचा आणि दुपारी त्यांच्याच खात्याविरुद्ध अर्ज टाइप करायचा, आणि कोणी मनाला लावून घेत नाही.

आणि फौजी माणसाने अर्ज करणं हे काही आजचं नाही हो. आपल्या महाराष्ट्रात याची फार जुनी परंपरा आहे जी शाळेत कुणी शिकवत नाही. गोपाळबाबा वलंगकर, मूळचे महाडकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. 1890 च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, म्हणजे ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या पलटणीत हाडं झिजवली त्यांना एकदम तुम्ही लढाऊ जातीचे नाही म्हणून सांगितलं, तेव्हा वलंगकरांनी 1894 ला थेट लष्कराच्या सरसेनापतींच्या नावाने अर्ज लिहिला, आमची नोकरी, आमचा इतिहास, आमचा हक्क, सगळं मांडून. नंतर 1910 ला पुण्याच्या शिवराम जानबा कांबळेंनी पुन्हा मागणी केली, ती थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे. 1917 ला युद्धाची गरज पडली तेव्हा 111 महार पलटण उभी राहिली, 1921 ला गरज संपली की मोडली. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे ते प्रकरण मार्गी लागलं. पहिल्या अर्जापासून मोजा किती वर्षं झाली ते. पेन्शनचा अर्ज सहा महिने लटकला म्हणून माझ्यासमोर हातपाय गाळून बसणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट ऐकवतो, काहींना राग येतो, येऊ दे.

नाशिककरांनी तर हे जास्त लक्षात ठेवायला हवं. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची मिरवणूक निघाली ती चार-चारच्या रांगेत, पुढे लष्करी चालीवर वाजणारा बँड. रांगेत कसं चालायचं आणि न बोलता कसं उभं राहायचं ही शिस्त ज्या समाजात फौजेतून घरोघरी आली होती तो समाज त्या दिवशी पंचवटीत उभा होता. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

आता आमचं वर्षभराचं काम विचारता तर ते असं. वीरपत्नी आणि साध्या विधवांचे पेन्शनचे कागद, हे निम्म्याहून जास्त. मग अपंगत्व पेन्शनची अपिलं, पोरांच्या शिष्यवृत्त्या, नोव्हेंबरमध्ये हयातीचे दाखले, त्या महिन्यात तर जेवायला फुरसत नसते, कारण ज्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही असे म्हातारे सगळे आमच्याकडेच पाठवले जातात. गोदेला पूर आला की दोर आणि टॉर्च घेऊन जाणं, 2016 च्या ऑगस्टला दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली पुराची खूण समजली जाणारी मूर्ती, बुडाला तेव्हा आमचे लोक सराफ बाजारात दुकानांतला माल वर चढवून द्यायला होते. सिंहस्थात गर्दीला रांग लावणं. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन 39 माणसं गेली, त्यानंतर आमच्यातल्या जुन्या लोकांनी ठरवलं की घाटावर आपण उभं राहायचं, 2015 ला राहिलो, 2027 ला पण राहू, फक्त आता गुडघे पूर्वीचे नाहीत.

माझे पती हवालदार होते, दोन वर्षांपूर्वी वारले. पेन्शन बंद झाली, माझी चालू होत नाही. बँक म्हणते कागदात नाव वेगळं आहे. मुलगा म्हणतो सोडून दे. काय करू?
— एक भगिनी, निफाड तालुका

वहिनी, अजिबात सोडायचं नाही. मुलाला सांगा की काकांनी दम दिलाय.

तुमच्यासोबत काय झालंय ते मी न बघता सांगू शकतो, कारण नाशिक जिल्ह्यात दर दुसऱ्या घरात हेच आहे. लग्नात सासरच्यांनी तुमचं नाव बदललं. पती सुट्टी संपवून पलटणीत गेले, तिथे क्लार्कने लग्नाची नोंद केली ती या बदललेल्या नावाने, तीही हिंदी भाषिक क्लार्कने इंग्रजीत लिहिली म्हणजे स्पेलिंग देवाला ठाऊक. आणि इकडे आधार कार्ड निघालं शाळेच्या दाखल्यावरून, म्हणजे माहेरच्या नावाने. जन्मतारीख तर बहुतेकांची 1 जून किंवा 1 जानेवारी, मास्तरांनी लिहिलेली. सरकारच्या कॉम्प्युटरला या दोन वेगळ्या बायका वाटतात. त्याचा दोष नाही, त्याने तुमचं लग्न पाहिलेलं नाही.

आता करायचं काय ते नीट वाचा, कोणाकडून तरी दोनदा वाचून घ्या. घरात एक लोखंडी ट्रंक असणार, काळी, वर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं. त्यात डिस्चार्ज बुक असेल, म्हणजे फौजेतून बाहेर पडताना मिळालेलं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, आणि पीपीओ असेल, म्हणजे पेन्शनचा आदेश. कुणी चाळीत वाळवायला काढलं असेल तर शोधा, कुणी त्यावर दुधाचा हिशोब लिहिला असेल तरी चालेल, फक्त फाडू नका. डिस्चार्ज बुकात कुटुंबाचं पान असतं, त्यावर तुमचं नाव काय लिहिलंय ते बघायचं. ते पान म्हणजे तुमच्या हक्काचं मूळ.

मग एक प्रतिज्ञापत्र करायचं की ही आणि ती एकच व्यक्ती, दोन्ही नावं, दोन्ही जन्मतारखा लिहून. सोबत मृत्यूचा दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, जमल्यास लग्नपत्रिका किंवा लग्नाचा जुना फोटो. हे घेऊन आधी जिल्हा सैनिक कार्यालयात जा, त्यांच्या शिफारशीने अर्ज पतीच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला जातो. इथे लोकांचा मोठा घोटाळा होतो, सगळे बँकेत भांडत बसतात. बँक नाव बदलू शकत नाही! नाव रेकॉर्ड ऑफिस बदलतं, त्याचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा लेखी हुकूम निघतो, आणि मग पुढे प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाच्या स्पर्श नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत ते चढतं. पती तोफखान्यातले असतील तर नशीब, रेकॉर्ड इथेच नाशिकरोड कॅम्पला आहे. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार असेल तर मध्य प्रदेशात सागर, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी, ईएमई, म्हणजे फौजेची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा, असेल तर सिकंदराबाद. डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानावर कळेल.

किती मिळेल हे पण विचारायचं असेल, लाजून विचारलं नसेल. साधी कौटुंबिक पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर पहिली सात वर्षं किंवा पती 67 चे झाले असते तोपर्यंत, जे आधी येईल तोवर, ती 50 टक्क्यांच्या वाढीव दराने मिळते. कमीत कमी 9000 रुपये मूळ आणि वर महागाई. आणि हे लक्षात ठेवा, पती गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचा हक्क आहे, मधल्या दोन वर्षांची थकबाकी सोडू नका.

बाकीच्या सगळ्या माजी सैनिकांना, जे अजून जिवंत आहात आणि हे वाचताय: आज संध्याकाळी बायकोला ट्रंक उघडून दाखवा. तिचं आधारवरचं नाव आणि तुमच्या पीपीओवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून वाचा. घरात दिव्यांग मूल असेल तर त्याची नोंद तुम्ही जिवंत असतानाच करा, कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला आईवडिलांमागे पेन्शन मिळू शकते. लोक पन्नास हजार खर्च करून तेराव्याचं जेवण घालतात आणि हा शंभर रुपयांचा कागद करत नाहीत, याचा मला मनापासून संताप येतो.

वडील तोफखान्यात 24 वर्षं होते. आता दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने 'सेवेमुळे नाही' असं लिहिलं आणि अपंगत्व पेन्शन नाकारली. आता पंधरा वर्षं झाली. काही होऊ शकतं?
— एक मुलगा, सिन्नर

होऊ शकतं. वडिलांना माझा जय हिंद सांग, मोठ्याने सांग.

आमच्या वेळी देवळालीच्या रेंजवर 130 मिलीमीटरची तोफ चालायची तेव्हा कानात कापसाचा बोळा हेच संरक्षण, आणि तोही उस्ताद बघत असेल तर काढून खिशात, कारण फायरचा हुकूम ऐकू आला नाही तर शिवी खायला लागायची. तोफ धडाडली की आधी छातीत ठोका बसतो, मग कानात शिट्टी सुरू होते ती रात्री झोपेपर्यंत. कॅम्पातले म्हातारे गनर एकमेकांशी ओरडून बोलतात, लोकांना वाटतं भांडण चाललंय. तेव्हा तोफेवर 24 वर्षं काढलेल्या माणसाचे कान सेवेमुळे गेले नाहीत असं लिहिणाऱ्याची मला कमाल वाटते.

कायद्याचं असं आहे. 2013 ला सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं की भरतीच्या वेळी तपासून फिट म्हणून घेतलेल्या सैनिकाला नंतर आजार झाला, आणि भरतीच्या कागदात तो आजार नोंदलेला नसेल, तर तो सेवेमुळे झाला असंच धरून चालायचं, नाही असं म्हणायचं असेल तर कारण देऊन सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. नुसतं 'सेवेमुळे नाही' असा शिक्का मारून भागत नाही. आणि अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त असेल तर पेन्शन बसते, शिवाय 2014 च्या राम अवतार निकालानंतर राउंडिंगचा फायदा पण, म्हणजे 50 च्या आत असेल तर 50 धरतात, 50 ते 75 असेल तर 75, त्यावर असेल तर 100.

आधी रेकॉर्ड ऑफिसकडून रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची प्रत मागव, माहिती अधिकारात मिळते. त्यात टक्का किती लिहिलाय ते बघ, सगळं त्यावर आहे. मग अपील, आणि तिथे नाही म्हणाले तर सशस्त्र बल न्यायाधिकरण, आपल्याला मुंबईचं खंडपीठ. 2007 च्या कायद्याने हे कोर्ट आलं, 2009 ला चालू झालं, त्याआधी हायकोर्टात वर्षानुवर्षं ताटकळायचो. पंधरा वर्षांचा उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही कारण पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, पण थकबाकीला बहुतेक वेळा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांची मर्यादा लावतात, तो 2008 च्या तरसेम सिंग निकालाचा दंडक. म्हणजे प्रत्येक महिना तू जो विचार करण्यात घालवशील तो वडिलांच्या खिशातून जाईल. एक मात्र, 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त होणाऱ्यांना नवीन नियम लागतात, ते जास्त कडक आहेत, त्यांनी वडिलांच्या प्रकरणावरून आपलं गणित मांडू नये.

वकिलाचे पैसे नसतील तर 2025 पासून नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, वीर परिवार सहायता योजना आहे, सैनिक कार्यालयांमधून मोफत कायदेशीर मदत मिळावी म्हणून काढलेली. पेन्शनच्या थकबाकीतून टक्केवारी मागणारे एजंट कॅन्टीनबाहेर फिरतात, त्यांना सरळ हाकला.

महापालिकेची घरपट्टी माजी सैनिकाला माफ आहे म्हणतात, खरं का?
— एक माजी नायक, सिडको

खरं. 2020 ला राज्य सरकारने योजना काढली, आधी फक्त शौर्य पदकधारक आणि शहिदांच्या पत्नींना होती ती सरसकट माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना लागू केली, ग्रामपंचायतीत पण आणि शहरात पण. एकाच घराला, तुम्ही राहता त्या. सैनिक कार्यालयाचा दाखला जोडून पालिकेत अर्ज द्या. पाणीपट्टी भरावीच लागेल, त्यासाठी मला फोन करू नका.

राग मानू नका, पण तुम्हाला पेन्शन, कॅन्टीन, दवाखाना सगळं आहे. तरी वन रँक वन पेन्शनसाठी आंदोलन. आम्हा कांदेवाल्यांना कोण पेन्शन देतं?
— एक शेतकरी, लासलगाव

राग कसला, माझा सख्खा भाऊ कांदा पिकवतो, दिवाळीला हेच ऐकतो मी.

पण एक गोष्ट बघा. बँकेतला, शाळेतला, कलेक्टर कचेरीतला माणूस साठीला नाहीतर अठ्ठावन्नला घरी येतो. जवान पंधरा-सतरा वर्षांत पेन्शनीवर येतो, पस्तिशीत-चाळिशीत, पोरं पाचवी-सहावीला असतात, घराचं कर्ज असतं, आणि त्याचं शिक्षण असतं बारावी. त्याला नको असतानाही यावं लागतं, कारण फौजेला तरुण पोरं लागतात. म्हणजे त्याची पगाराची सगळ्यात मोठी वीस वर्षं देशाने कापून घेतली, म्हणून त्याच्या पेन्शनचा हिशोब वेगळा हवा, एवढंच म्हणणं होतं. 1973 ला तिसऱ्या वेतन आयोगाच्या वेळी फौजी पेन्शनचा जुना वेगळा हिशोब मोडला. तेव्हापासून असं व्हायचं की 1990 ला निवृत्त झालेल्या हवालदाराला 2010 ला निवृत्त झालेल्या त्याच हुद्द्याच्या, तेवढ्याच नोकरीच्या हवालदारापेक्षा कमी पेन्शन. जुना म्हातारा, जास्त लढाया केलेला, आणि हातात कमी. एकाच हुद्द्याला आणि तेवढ्याच नोकरीला सारखी पेन्शन, हेच वन रँक वन पेन्शन.

2011 ला राज्यसभेच्या कोश्यारी समितीने मागणी योग्य आहे म्हणून सांगितलं. 15 जून 2015 ला जंतरमंतरवर साखळी उपोषण सुरू झालं, नाशिकरोडहून पंजाब मेल पकडून आमचे पण लोक जाऊन बसले होते, पिशवीत चिवडा आणि छातीवर पदकं. दिल्लीचा उन्हाळा, त्यात सत्तरीची माणसं, ब्लेझर काढायला तयार नाहीत. शेवटी 7 नोव्हेंबर 2015 ला आदेश निघाला, 1 जुलै 2014 पासून लागू. सगळं मनासारखं नाही मिळालं, दर वर्षी आढावा मागितला होता तो दर पाच वर्षांनी दिला, त्यावर सुप्रीम कोर्टात गेलो, मार्च 2022 ला कोर्टाने सरकारचं धोरण बरोबर ठरवलं. म्हणजे तिथे हरलो आपण, स्पष्ट सांगतो. पण पाच वर्षांचा आढावा मात्र कोर्टाने करायला लावला, 2019 पासूनची वाढ त्यातून आली, थकबाकीचे हप्ते फेब्रुवारी 2024 पर्यंत मिळाले, आणि आधी कुणाला तर कौटुंबिक पेन्शनवाल्या बायकांना आणि पदकधारकांना, मग सत्तरीच्या वरच्यांना. हा क्रम मला आवडला.

शेतकऱ्याला पेन्शन मिळू नये असं आमच्यातलं कुणी कधी म्हणालं नाही. तुम्ही मागा, आम्ही तुमच्या मोर्चात रांगा लावून देऊ, ते आम्हाला बरं जमतं.

ईसीएचएस कार्ड असूनही एका खासगी हॉस्पिटलने भावाला रात्री ॲडमिट करताना पन्नास हजार डिपॉझिट मागितलं. द्यायचं का?
— एक बहीण, इंदिरानगर

ईसीएचएस ही 1 एप्रिल 2003 ला सुरू झालेली माजी सैनिकांची आरोग्य योजना, वर्गणी भरून घेतलेली, फुकट नाही, हे आधी त्या काउंटरवाल्याला सांगायचं. हॉस्पिटल यादीतलं असेल तर इमर्जन्सीत पॉलिक्लिनिकची, म्हणजे योजनेच्या स्वतःच्या दवाखान्याची चिठ्ठी लागत नाही आणि डिपॉझिट मागायचा त्यांना अधिकार नाही, त्यांनीच ऑनलाइन कळवायचं असतं. नाही म्हणाले तर लेखी द्या म्हणा, लेखी म्हटलं की अर्ध्या वेळा प्रकरण तिथेच मिटतं. यादीबाहेरच्या हॉस्पिटलात जावंच लागलं तर दोन दिवसांच्या आत आपल्या पॉलिक्लिनिकला कळवा आणि बिलाचा प्रत्येक कागद, औषधाची चिठ्ठी सुद्धा, जपून ठेवा, परतफेड मागता येते, पण ती योजनेच्या ठरलेल्या दराने मिळते, म्हणजे सगळी मिळेलच असं नाही. हॉस्पिटलांची पण एक बाजू आहे, त्यांची बिलं योजनेकडून वेळेवर निघत नाहीत ही ओरड खोटी नाही, पण त्याचा राग रात्री दोन वाजता स्ट्रेचरवरच्या माणसावर काढायचा नसतो.

बाबा नाईक म्हणून रिटायर. मी यंदा इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली, बारावीला 71 टक्के. काही स्कॉलरशिप?
— एक विद्यार्थिनी, ओझर

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर. देशभरात वर्षाला 5500 जणांना, मुलींना महिना 3000, मुलांना 2500, बारावीला 60 टक्के हवेत, तुझे आहेत. फक्त पहिल्या वर्षालाच अर्ज करता येतो बाळा, नंतर नाही, त्यामुळे पोर्टल उघडल्या उघडल्या भर. बाबांचा आणि तुझा आधार, नावं जुळतात का ते आधी बघ, वर निफाडच्या काकूंचं वाचलंस ना. लहान भाऊ शाळेत असेल तर हवालदारापर्यंतच्या हुद्द्याला शिक्षण अनुदान पण आहे, ते 1 नोव्हेंबर 2025 पासून महिना 1000 चं 2000 झालंय. आणि नाशकात सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृह आहे, रोज ओझरहून ये-जा जड जात असेल तर विचार.

माझा मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षं झाली की तो माजी सैनिक धरणार का? तुमची संघटना त्याला घेईल का?
— एक वडील, सटाणा

सरकारी कागदात, नाही. 14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हापासून तसंच आहे, चार वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंत पोरांना पुढे कायम ठेवतात, बाकीच्यांना सेवानिधी म्हणून व्याजासकट साधारण 11 लाख 71 हजार मिळतात. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. केंद्रीय पोलीस दलांच्या शिपाई भरतीत राखीव जागा आहेत. पहिल्या तुकड्या 2022 च्या शेवटी, 2023 च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेल्या, इथल्या आर्टिलरी सेंटरला पण आल्या होत्या, त्यामुळे 2026 च्या अखेरीपासून ही पोरं घरी यायला लागतात.

आमच्या संघटनेत यावरून दोन बैठका तापल्या. काही जुने लोक म्हणाले चार वर्षांत काय फौजी होतो, आम्ही वीस काढली. मी त्या बाजूचा नाही. वर्दी घालून बॉर्डरवर उभा राहिलेला पोरगा आपला आहे, कागद काही म्हणो, आणि 1921 ला मोडलेल्या महार पलटणीतल्या शिपायांना पण त्या काळी असंच घरी पाठवलं होतं. ठराव झाला, सभासद करून घ्यायचं, वर्गणी निम्मी. दर्जासाठी निवेदन तयार आहे, पुढच्या महिन्यात कलेक्टर साहेबांना द्यायचं आहे, जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष तेच असतात.

तोवर तुम्ही एक करा. मुलाला सांगा, बाहेर पडताना अग्निवीर कौशल्य प्रमाणपत्र आणि मेडिकल बोर्डाची प्रत हातात घेतल्याशिवाय सेंटरचं गेट ओलांडायचं नाही. पाठ, गुडघा, कान, काहीही दुखत असेल तर आताच एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात जाऊन नोंद करून ठेव म्हणावं, लाजायचं नाही. आणि तो सुट्टीवर आला की घेऊन या, गुरुवार आणि शनिवार, दहा ते एक, जेवणाच्या वेळी येऊ नका.